मोरीतली तलंग

शिमग्याला नवरा एकटाच गावी गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका होता, सुतळीने बांधलेला आणि बाजूंना भोकं पाडलेला. खोका उंबऱ्याच्या आत ठेवून तो पाय धुवायला मोरीत गेला आणि तिथूनच म्हणाला, "आत्येने दोन तलंगा दिलेल्या. एक वाटेत गेली."

"गेली म्हणजे?"

"मेली. महाडच्या पुढे गाडी चहाला थांबली तेव्हा बघितलं तर ताठ. टाकली तिथेच झाडीत."

मी सुतळी सोडली. उरलेली तलंग कोपऱ्यात बसून होती. रंगाने तांबूस, मानेवर काळे ठिपके. तीन महिन्यांची असेल, अंड्यावर यायला अजून तेवढेच महिने. खोका उघडल्यावर कोंबडी धडपडते, उडी मारून बाहेर येते. ही डोळे मिटून बसली होती. मी हात आत घातला तर अंग तापलेलं लागलं.

"आत्येने कशाला दिल्या? तिलाच अंडी पुरत नाहीत."

तो बराच वेळ पाय धूत राहिला. मग म्हणाला, "खालच्या वाडीत मानमोडी आलीय. खुराडी रिकामी होतायत. आत्ये म्हणाली, इथे मरण्यापेक्षा मुंबईत तरी जगतील."

आमच्या गावाकडे असंच करतात. कोंबड्यांवर रोग आला की चांगल्या दिसणाऱ्या चार कोंबड्या पाहुण्यांकडे पाठवून देतात, वाचवायच्या म्हणून. माझ्या आईनेही पाठवल्या होत्या. त्या कोंबड्यांनी पाहुण्यांच्या घरी जाऊन काय केलं, हे विचारायला कोणी जात नाही. मलाही त्या दिवशी ते सुचलं नाही. मला एवढंच वाटलं की असली आजारी कोंबडी शेजारी कोणाला दाखवायला नको, हसतील. म्हणून तिला मोरीत डालग्याखाली झाकून ठेवली. बरी झाली की मागच्या अंगणात सोडू, असं ठरवलं.

आमची खोली बोरिवलीला, जंगलाच्या भिंतीला लागून. बैठ्या खोल्यांची एक ओळ आहे. प्रत्येक खोलीमागे चार पावलांचं अंगण, मग उघडं गटार आणि मग भिंत. दिवेलागणीला सगळे आपापल्या कोंबड्या कोंडून मागची दारं लावून घेतात, कारण भिंतीपलीकडून काय येईल सांगता येत नाही. जागा उताराची आहे. आमच्या मोरीचं पाणी गटारातून खालच्या खोलीच्या अंगणाच्या कडेने जातं. ती खालची खोली काकींची.

काकी नात्याने माझ्या कोणी नव्हेत. पण लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला चार माणसांत बोलता येत नसे, नळावर रांगेत उभी राहिले तरी मागची बाई पुढे जाई. तेव्हा काकी माझा हंडा स्वतः पुढे सरकवत. कोंबड्या पाळायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. कोंबडा राखणीचा. भिंतीजवळ वड आहे, त्याच्याखाली वर्षातून एकदा राखणदाराला कोंबडा द्यायचा, म्हणजे तो घराची राखण करतो. काकींच्या सासऱ्यांनी खोली बांधली तेव्हापासूनची रीत. यंदा मुलाचं लग्न निघालं म्हणून त्यांनी राखण पुढे ढकलली होती.

लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. सून लहानखुरी, घाटकोपरची. काकींच्या घरात नव्या सुनेकडून तिसऱ्या दिवशी खुराडं उघडून घेतात. पुढे रोज सकाळी तिनेच उघडायचं. मी दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवरून बघत असे. ती खुराड्याची कडी काढून पटकन चार पावलं मागे सरे, आणि काकी हसत. "गो, त्या खात नाहीत तुला! शहरातली पोरगी. अंडं फ्रीजमध्ये उगवतं असं वाटायचं काय तुला?"

सूनही हसे. त्या घरातलं तिचं हसणं मी तेवढ्या दिवसांतच ऐकलं.

तलंग आल्याच्या दुसऱ्या दिवशी हिरवी शीट करायला लागली. चोचीतून लाळ, घशात घरघर. मी डालगं आणि खालचा गोणपाट रोज मोरीत धुवत होते आणि पाणी गटारात जात होतं. चौथ्या दिवशी माझी काळी कोंबडी मागच्या दारात मरून पडली. मला तीनच कोंबड्या होत्या. नवऱ्याने तिला भिंतीच्या कडेला पुरलं. सहाव्या दिवशी सकाळी काकींच्या अंगणातून सुनेची हाक आली, "आई, इकडे या लवकर!"

मी भिंतीवरून बघितलं. काकींची सर्वांत जुनी कोंबडी खुराड्याच्या तोंडाशी पडली होती. मान पाठीवर वळलेली. दुसरी एक गोल गोल फिरत होती, थांबतच नव्हती. आणि गटाराच्या कडेला, जिथे पाणी थोडं साचतं, तिथे बाकीच्या चोची बुडवून पाणी पीत होत्या.

ते बघितल्यावर मला सगळं कळलं. कोणी सांगायची गरज नव्हती.

मी आत आले आणि पिठाच्या डब्यावर बसले. जाऊन सांगावं असं वाटलं. काय सांगायचं तेही मनात जुळवलं. काकी, आमच्याकडे गावाहून आजारी तलंग आलीय, तुमच्या चांगल्या असतील त्या कोंबड्या दुसरीकडे न्या. एवढंच. पण माझी सोसायटीत पोळ्या करायला जायची वेळ झाली होती, म्हणून गेले. आल्यावर सांगू म्हटलं. आले तेव्हा आणखी तीन मेल्या होत्या आणि काकींच्या दारात बायका जमल्या होत्या. बायका जमल्या की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

काकींनी मला गर्दीतून हाक मारली. "तुझ्याकडे पण मेली म्हणे एक? कधी गो? माझ्या आधी की नंतर?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"नंतर," मी म्हटलं.

एका शब्दाचं काम होतं, झालं. काकींनी मान हलवली आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे माझ्याच घरातून सुरू झालं. राखण चुकली माझी."

तेव्हा त्यांनी दोष स्वतःवरच घेतला होता, हे मी लिहून ठेवलं पाहिजे. दोन दिवस त्या तसंच म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी राखणीचा कोंबडा मेला. त्या दिवशी दुपारी वरच्या टोकाच्या खोलीतली एक बाई नळावर म्हणाली, "राखण काय पहिल्यांदा पुढे ढकलली? सासरे गेले त्या वर्षी पण ढकललेली. तेव्हा काही नाही झालं. यंदा घरात नवीन काय आलंय ते बघा की." पुढचं बोलायची गरजही उरली नव्हती.

आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची आहे. पलीकडे भांडं पडलं तर इकडे कळतं. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि काकींचा आवाज येत होता. मोठा नव्हता. मोठा असता तर बरं वाटलं असतं.

"मी या घरात आले तेव्हापासून या खुराड्याला कधी काही झालं नाही. तू हात लावलास आणि वीस दिवसांत झाडून साफ झालं."

सून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, रोग असतो तो. सगळीकडे येतो."

"सगळीकडे कुठे आलाय? दाखव मला. या घरातून सुरू झालाय. शेजारीण खोटं बोलते काय?"

माझी भाकरी तव्यावर करपली.

अकराच्या अकरा गेल्या. माझ्या उरलेल्या दोनही गेल्या, आणि पाठोपाठ ओळीतल्या बाकीच्यांच्याही. पाडव्याच्या आधी काकींनी सुनेला माहेरी पाठवलं. थोडे दिवस जाऊन ये, एवढंच सांगितलं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहे, त्याची त्या दिवशी ड्युटी होती, म्हणून तिचा भाऊ न्यायला आला. ती बॅग घेऊन आमच्या दारावरून गेली. दारात मी होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यामागे, आत मोरीच्या दाराकडे बघितलं. मग निघून गेली.

आणि मोरीतली तलंग जगली.

ती का जगली ते मला अजून कळत नाही. मी काही विशेष केलं नव्हतं. सुरुवातीला तर ती मरेल याचीच वाट बघत होते. पण दहाव्या दिवशी तिचा ताप उतरला आणि घरघर थांबली. तिची मान मात्र वळली ती वळलीच. चोच वर, डोकं एका खांद्यावर. दाणा टिपायला गेली की चोच दाण्याच्या बाजूला दोन बोटं पडे. पुन्हा टिपे, पुन्हा चुके. तिच्यासमोर कणीची वाटी भरलेली असायची आणि ती उपाशी राहायची.

माळ्यावर माझ्या मुलीचं लहानपणचं बोंडलं होतं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, बोंडलं राहिलं. त्याने मी तिला पेज पाजायला लागले. एका हाताच्या दोन बोटांत तिचं डोकं सरळ धरायचं, दुसऱ्या हाताने थेंब थेंब सोडायचं. पेजेत हळद आणि ठेचलेला लसूण. पाय लुळे होते म्हणून जुन्या ओढणीची झोळी करून नळाला बांधली आणि तिला त्यात अशी ठेवली की नखं जमिनीला लागतील. पंधरा-वीस दिवसांनी ती नखांनी फरशी खरवडायला लागली. मग एक दिवस झोळीतून स्वतःच उतरली आणि उलटी चालत भिंतीला जाऊन आदळली.

नवरा मोरीत आंघोळ करायचा तेव्हा ती बाजूला बसून तिरक्या मानेने त्याच्याकडे बघे. तो चिडे. "बघ कशी बघता माझ्याकडे. जशी काय पोलीसच. मान पिळून टाक हिची, सुटू दे बिचारी."

"सुटू दे म्हणजे आपण सुटू दे," मी म्हटलं.

तो अंगावर पाणी ओतत राहिला.

मी पोळ्या करते त्या घरातल्या बाई शिकलेल्या आहेत. मी त्यांना विचारलं की कोंबडीची मान अशी वळते तो कसला आजार. त्यांनी मोबाइलवर बघून सांगितलं की यावर औषध नाही, आधी लस टोचावी लागते. आणि एखादी वाचलीच तरी पुढे बरेच दिवस तिच्या शिटेतून रोग पसरत राहतो. मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या कोंबड्या गं?"

"गावच्या," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी तिचं पाणी बादलीत धरून संडासात टाकायला लागले. आता काकींच्या अंगणात मरायला एकही कोंबडी नव्हती, तरी टाकत होते.

मे महिना गेला. तिची पिसं चमकायला लागली, अंग भरलं. उलटं चालणं थांबलं. मान तिरकीच राहिली, पण दाणा कसा टिपायचा ते तिने शोधून काढलं. चोच मुद्दाम एका बाजूला न्यायची म्हणजे नेम बरोबर बसतो. कोणी शिकवलं नव्हतं. मला तिचं कौतुक वाटायचं आणि त्याच वेळी भीतीही. कारण तिचा तुरा लाल व्हायला लागला होता. तलंग अंड्यावर यायला लागली की आधी तुरा लाल होतो. मग पाठीवर हात ठेवला की ती पंख पसरून दबकते. मग मागच्या दोन हाडांमध्ये दोन बोटं मावायला लागतात. हे सगळं मला काकींनीच शिकवलं होतं. मी रोज सकाळी तिला उचलून बोटं लावून बघायचे. एक बोट. दीड बोट. दुसऱ्या कोणी असं बघितलं असतं तर आनंदाने बघितलं असतं.

कारण कोंबडी अंडं घालते तेव्हा ओरडते. चार खोल्या पलीकडे ऐकू जातं. आणि आमच्या ओळीत आता एकही कोंबडी उरली नव्हती.

आषाढ आला. एरवीही नव्या सुना आषाढात माहेरी जातात आणि श्रावण लागला की त्यांना आणायला जायचं असतं. ओळीतल्या बायकांनी काकींना नळावर विचारलं, "काय, सुनेला कधी आणताय?"

"बघू," काकी म्हणाल्या. मग हंडा उचलता उचलता म्हणाल्या, "श्रावणात आणली नाही तर नाही. तिच्या आईला निरोप देणार आहे, ठेवा तुमच्याकडेच. मुलाचं दुसरं बघू."

मुलगा हल्ली घरात कमी असायचा. असला तरी आवाज नसायचा. एकदा मागच्या अंगणात रिकाम्या खुराड्यावर बसून फोनवर हळू बोलत होता. मी वाळलेले कपडे काढायला गेले तर उठून आत गेला.

नवरा म्हणाला, "आषाढ आहे, घरोघरी कोंबडी कापतायत. आज कापून टाकूया, कोणी विचारणार नाही कुठली म्हणून. विषय संपला."

"नको," मी म्हटलं.

"का नको? मायेपोटी?"

मायाही होती. पण ती तलंगच एक अशी होती जी बघितल्यावर काकींना माझ्या तोंडून काही ऐकावं लागलं नसतं. तिला कापली की मी कधीच बोलणार नाही, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक होतं. नवऱ्याला एवढं मला नीट सांगता आलं नाही. "नको म्हणजे नको," एवढंच म्हटलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत असं मी त्याला दोनदा-तीनदाच म्हटलं असेल. तो सुरी परत फळीवर ठेवून कामाला गेला.

आषाढ संपायला चार दिवस राहिले होते. पोळ्या करून मी अकराच्या सुमारास घरी आले. मोरीचं दार ढकललं तर ती गोणपाटावर उभी होती आणि खाली अंडं होतं. टरफल नव्हतं त्याला. नुसता पांढरा पापुद्रा, आत पिवळं हलताना दिसत होतं. मी ते तळहातावर घेतलं. गरम होतं, आणि माझ्या बोटांचा आकार घेत होतं.

तेवढ्यात ती ओरडायला लागली. तिरकी मान वर करून, सगळा जीव लावून. मी दुसऱ्या हाताने तिच्यावर डालगं टाकलं, डालग्यावर चादर टाकली. आतून आवाज आणखी मोठा यायला लागला. मी नळ सोडला, बादली आपटली. काही उपयोग झाला नाही.

भिंतीपलीकडे काकींच्या कपडे धुण्याचा धपधप आवाज येत होता, तो थांबला.

"कोणाची गो ती?"

थोड्या वेळाने पुढच्या दाराची कडी वाजली. काकी ओल्या हातांनीच आल्या होत्या. सरळ मोरीत गेल्या, डालगं उचललं. तलंगेची वळलेली मान बघितली. त्या बसल्या, तिला उचललं, तुरा चिमटीत धरून बघितला, मागे दोन बोटं लावली. सवयीने हात चालत होते. माझ्या तळहातावरचं अंडं बघून म्हणाल्या, "टरफलं भाजून, कुटून दे तिला. मऊ घालायची नाही मग."

आणि मग त्यांचे हात थांबले.

"हिला मानमोडी झालेली."

"हो."

"माझ्या कोंबड्या मरायला लागल्या त्याच्या आधी?"

"आधी. शिमग्याला गावाहून आणली. माझी काळी पण तुमच्या आधी दोन दिवस मेली."

"तू नंतर म्हणालीस."

"हो."

मी पाण्याचं सांगितलं. गटाराचंही सांगितलं. जेवढं चार महिने मनात होतं तेवढं सगळं सांगितलं, आणि ते पाच-सहा वाक्यांतच संपलं. काकींनी तलंग खाली ठेवली. मला वाटलं आता त्या मला मारतील. मारलं असतं तर चाललं असतं.

"कोणाकडे बोलू नकोस हे," त्या म्हणाल्या.

"पण काकी, तिला आणायला..."

"काय सांगून आणू? सासू चुकली म्हणून? अख्ख्या ओळीसमोर मी तिला अपशकुनी म्हटलंय. तिच्या आईला फोनवर काय काय बोललेय ते माझं मला माहीत. आता कुठल्या तोंडाने जाऊ?" त्या उठल्या, ओले हात पदराला पुसले. "इतके दिवस गप्प होतीस ना? आणखी गप्प बस. तुला जमतं ते."

दार त्यांनी हळूच लावून घेतलं.

लग्नपत्रिका आमच्या देवांच्या फळीवर अजून होती. तिच्यावर मुलीकडचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून मी घाटकोपरला गेले. मेट्रोने, मध्ये एकदा बदलून. एकटी इतक्या लांब मी कधी गेले नव्हते. दोनदा पत्रिका लोकांना दाखवली, तोंडाने विचारलं नाही.

ती उंबऱ्याशी बसून आईबरोबर मेथी निवडत होती. बारीक झाली होती. मला बघून उठली नाही. तिच्या आईने पाणी दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी परत तेच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही.

तिने मेथीची काडी मोडली. "मला माहीत आहे, मावशी."

"काय माहीत आहे?"

"मी कपडे वाळत घालायला मागे आले होते. खिडकीतून तुम्ही मोरीत डालगं धुताना दिसलात. तुमची काळी कोंबडी दारात मरून पडलेली. तेव्हा आमच्या सगळ्या दाणे खात होत्या."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिची आई मध्येच म्हणाली, "वीस दिवसांची सून कोणाचं नाव घेणार हो? वर्षानुवर्षांच्या शेजारणीचं? हिलाच खोटारडी ठरवली असती. अपशकुनी वर खोटारडी."

"मी तुमची वाट बघत होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रोज वाटायचं, आज बोलतील. निघाले त्या दिवशी पण वाटलं. तुम्ही दारातच होतात."

माझ्या पायाशी लाल फरशी होती, तिच्यावर मेथीची पानं पडली होती.

"आता मला सांगून काय उपयोग? यांना सांगा. आईंच्या समोर सांगा, म्हणजे नंतर कोणी फिरवणार नाही."

संध्याकाळी काकींचा मुलगा कामावरून आल्याचा आवाज भिंतीतून आला तशी मी उठले. नवरा म्हणाला, "खय चाललंस? त्यांच्या घरातला त्यांका बघू दे." मी चप्पल घातली.

काकी मुलाला चहा देत होत्या. मला दारात बघून त्यांनी ओळखलं. "हिची तब्येत बरी नाही," त्या मुलाला म्हणाल्या, "काहीतरी बरळते हल्ली." मग माझ्याकडे बघून, "जा गो घरी."

मी आत गेले नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिले. ओटीवर ओळीतल्या दोन बाया बसल्या होत्या, त्यांनीही माना वळवल्या. पहिलं वाक्य मी दोनदा सुरू केलं. पण सांगितलं. तलंग, गटार, माझी काळी कोंबडी, आणि तो एक शब्द. काकी मध्येच बोलायला लागल्या तर मुलगा म्हणाला, "थांब आई."

मी संपवलं तेव्हा तो आईकडे वळला. "तुला हे माहीत होतं?"

"कालच कळलं."

"काल. आणि आज सकाळी मला म्हणालीस, तिला सोडून दे."

त्याने कप तसाच ठेवला. माझ्याकडे त्याने नीट बघितलंसुद्धा नाही. मी बाजूला सरकले, तो बाहेर पडला.

श्रावण लागला त्या आठवड्यात तो तिला आणायला गेला, पण इथे आणलं नाही. नालासोपाऱ्याला त्यांनी खोली घेतली. आपलं सामान न्यायला तो एकदा आला, दोन पिशव्या भरल्या आणि गेला. काकी त्याला म्हणाल्या, "मी जाते तिच्याकडे, पाया पडते." तो म्हणाला, "आता नको आई. नंतर बघू." हे मी भिंतीतून ऐकलं.

आता पलीकडून आवाज कमी येतो. काकी नळावर येतात, पण माझ्याशी बोलत नाहीत, आणि दुसऱ्या बायकांशीही बोलत नाहीत. त्या बायका मला मात्र आता पुढे जाऊ देतात, का ते मी विचारत नाही. तलंग एका दिवसाआड अंडं घालते. टरफलं भाजून द्यायला लागले तशी अंडी कडक यायला लागली. आम्ही ती खात नाही आणि कोणाला देतही नाही. मी पुरून टाकते.

परवा सुनेचा फोन आला. माझा नंबर तिला तिच्या नवऱ्याने दिला असेल. कशा आहात वगैरे काही नाही. एकदम म्हणाली, "मावशी, आई जेवतात का?"

जेवतात, असं माझ्या तोंडात आलं होतं. सवय आहे. मी थांबले.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "बघून सांगते."

फोन तसाच ओट्यावर ठेवून मी मागे गेले आणि भिंतीवरून वाकून बघितलं. दुपारचे दोन वाजले असतील. काकी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. पुढ्यात ताट होतं, त्यात भात होता, आणि भाताला हात लागलेला नव्हता. त्यावर माश्या बसत होत्या, त्या हाकलतही नव्हत्या. मी हाक मारली, "काकी."

त्यांनी वर बघितलं. मग ताट तिथेच ठेवून उठल्या, आत गेल्या आणि मागचं दार लावून घेतलं. दिवसाउजेडी ते दार लावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी आत आले तेव्हा ओट्यावरच्या फोनमधून सून विचारत होती, "मावशी? आहात ना? काय करतायत आई?"